आरसी टूरिंग कारची लायपो बॅटरी उन्हाळ्यात कशी सांभाळायची?

आरसी टूरिंग कार म्हटलं की सगळे आधी मोटर आणि टायर बघतात. आमच्या सेवाग्रामच्या उन्हाळ्यात मात्र सगळ्यात आधी बॅटरी जाते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मी दोन सेलचा लायपो पॅक फुल चार्ज करून टिनाच्या खोलीत आठवडाभर ठेवला, तर तो उशीसारखा फुगला! फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करू नका आणि टोचू तर अजिबात नका, पेट घेतो.

लायपोचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. गाडी काही दिवस चालवायची नसेल, तर चार्जरवर स्टोरेज मोड लावून मी प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणतो. चार्जिंग नेहमी बॅलन्स मोडवर, ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअरने, आणि तेही समोर बसून. रेसनंतर पॅक आधी थंड होऊ द्या. स्पीड कंट्रोलरमध्ये लायपो कटऑफ चालू आहे ना, हे एकदा बघाच.

मोटरही तापत असेल, तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन लावा. टॉप स्पीड थोडा घटतो, पण पाच मिनिटांची रेस पूर्ण होते. पिनियन बसवताना स्पर गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळा, मग पट्टी काढा. गॅप बरोबर येतो.