दहा राग आणि डिस्कोचा ठेका

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो : विसर्जनाला डीजे हवा की नको. तरुण मंडळी एकीकडे, ज्येष्ठ दुसरीकडे. ज्येष्ठांच्या मते हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, तर तरुणांच्या मते ज्येष्ठांना संगीतातले काही कळत नाही. या वादात चरणजित सिंग या मुंबईकर वादकाची हकीकत दोन्ही पक्षांनी वाचावी, असे मला वाटते.

आज जगभरचे डीजे ज्याला 'हाउस' संगीत म्हणतात, त्याचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. तिथे १९७७ साली 'वेअरहाउस' नावाचा क्लब सुरू झाला आणि त्याच्याच नावावरून हा शब्द पडला, असे मानतात. तिथला डीजे फ्रँकी नकल्स तबकड्या एकमेकींना अशा जोडी की ठेका तुटत नसे. पुढे १९८७ साली 'फ्युचर' या शिकागोच्या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली आणि 'अ‍ॅसिड हाउस' हा नवा प्रकार रूढ झाला. त्यातला तो घसरत, वळसे घेत जाणारा आवाज रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राचा. खरे तर हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून काढलेले. ते खपले नाही, १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले आणि शिकागोच्या पोरांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले.

पण त्याआधीच, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच यंत्र, सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रित केली होती. ते डीजे नव्हते. चित्रपटांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे, पडद्यामागचे वादक. 'कुर्बानी' (१९८०) नंतर सिनेमात डिस्कोची लाट होती. यांनी डिस्कोचा ठेका घेतला आणि त्यावर भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी वाजवले. तबकडी फारशी कोणी विचारली नाही.

आता यंत्राविषयी थोडे, कारण आमचा पिंड डिप्लोमावाल्याचा. टीबी-३०३ मध्ये एका आवर्तनात जास्तीत जास्त सोळा घरे असतात. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, मग कोणत्या घरावर जोर आणि कोणत्या स्वरावरून पुढच्यावर घसरत जायचे ते सांगायचे. आपल्या तीनतालाच्या मात्रा सोळाच! आणि घसरणे म्हणजे मींडच की. यंत्राची मींड गवयाच्या मींडेची बरोबरी करणार नाही, हे उघड आहे. पण राग त्या घरांत बसतो तो उगाच नाही.

सोळा मात्रांचे खण पाडून, खाली तालाच्या खुणा आणि मींडेसाठी स्वरांवर कमान काढून बंदिशी कागदावर उतरवण्याची पद्धत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराघरांत पोहोचवली. वाळकेश्वरचे हे वकील. १९२६ मध्ये लखनौत त्यांच्या प्रयत्नांतून मॅरिस कॉलेज सुरू झाले. हजरतगंजहून कैसरबाग ती किती लांब? आज तिथे त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. घराण्याची विद्या अशी कागदावर मांडल्याने ती बिघडेल, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. पंडितजी गेले तो दिवस १९ सप्टेंबर १९३६, गणेश चतुर्थीचा.

चरणजित यांची तबकडी २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा काहींना ही थाप वाटली. १९८२ सालात असे कोणी वाजवले असेल यावर विश्वासच बसेना. मग सत्तरी ओलांडलेल्या या वादकाला युरोपातून बोलावणी आली आणि तिथल्या तरुणांपुढे त्यांनी हेच राग वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

विसर्जनाला ढोल-ताशा असावा, हे माझे मत कायम आहे. मात्र एखाद्या संध्याकाळी आरतीनंतर, बेताच्या आवाजात, मंडपात त्यांचा यमन लावायला कार्यकारिणीची हरकत नसावी. आरतीची वेळ यमनाचीच असते.