दोन मते, दोन पेट्या : 1952 चा मतदार आणि ‘मत कुजवणे’

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘मतदाराचे शिक्षण’ असा छापलेला आहे. ऐकायला जरा शाळेतल्या धड्यासारखं वाटतं. पण मी आज मुख्यतः एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘कुजवणे’. पाला कुजतो, भाजी कुजते, हे आपल्याला माहीत आहे. 1952 साली मुंबईत मत कुजवण्याची भाषा चालू होती.

तिथे जाण्याआधी थोडं मागे जाऊ. 27 जानेवारी 1919 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकार कुणाला द्यायचा, हे ठरवणारी ही समिती. त्या वेळचा सर्वसाधारण सूर असा की आधी लोक शिकू द्या, मालमत्ता येऊ द्या, मग मताचं बघू. बाबासाहेबांचं म्हणणं याच्या नेमकं उलट होतं. मत देणं हेच एक शिक्षण आहे, म्हणून अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा, असं त्यांनी मांडलं. पुढे 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सरळ प्रौढ मताधिकारच मागितला.

तो मिळायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. 1935 च्या कायद्याने प्रांतांमध्ये सुमारे 3 कोटी लोकांना मत मिळालं, तेही कर, जमीन किंवा शिक्षण पाहून. त्या कायद्याखाली 1937 ची निवडणूक झाली, आणि आता एक तांत्रिक मुद्दा सांगतो, तो लक्षात ठेवा, कारण पुढे तोच महत्त्वाचा आहे. मुंबई प्रांतात एकाच मतदारसंघातून एकापेक्षा जास्त सभासद निवडायचे असत, आणि जितक्या जागा तितकी मतं मतदाराला मिळत. ही सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य गटाला हे फार सोयीचं. संख्या थोडी असली तरी सगळी मतं एका माणसावर ओतली की तो वर येतो. स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार त्या वेळी निवडून आले. खुद्द बाबासाहेब भायखळा-परळमधून विजयी झाले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केले होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू.

मग आली 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार 17 कोटींहून अधिक, आणि त्यातले बहुसंख्य निरक्षर. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांत बायका यादीत स्वतःचं नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. आयोगाने तशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्या निर्णयावर एक वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

मत द्यायची पद्धत आजच्यापेक्षा अगदी निराळी होती. मतपत्रिकेवर कुणाचंच नाव नाही, चिन्ह नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं आणि आपल्या पेटीत कागद टाकायचा. यातल्या लाखो पेट्या आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मतदाराची कर्तव्यं सांगणारा माहितीपट 3 हजारांहून अधिक चित्रपटगृहांत दाखवला गेला. रेडिओवरूनही माहिती देत होते. सरकारने आपल्या परीने काम चोख केलं, असंच मी म्हणेन.

पण एक गाठ होती. लोकसभेचे 401 मतदारसंघ होते. त्यांतले 314 एका जागेचे, 86 दोन जागांचे, आणि एक चक्क तीन जागांचा. दोन जागांच्या मतदारसंघात सहसा एक जागा राखीव. पण मतदार सगळे एकच. सवर्ण असो की दलित, प्रत्येकाला दोन मतपत्रिका. आणि नियम बदललेला होता. 1951 च्या कायद्याने सांगितलं की एका उमेदवाराला एकच मत द्यायचं. म्हणजे दोन कागद दोन वेगळ्या पेट्यांत पडले पाहिजेत. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर एकच धरायचा, दुसरा बाद.

आता बघा, 1937 ला ज्या जुन्या मतदाराला त्याच्याच पुढाऱ्यांनी ‘सगळी मतं एकाला’ हे शिकवलं होतं, त्याला 1952 ला ‘एक इथे, एक तिथे’ हे शिकायचं होतं. आणि जो नवा होता त्याला पहिल्याच खेपेला दोन कागदांचा हिशेब. मुंबई उत्तर हा असाच दोन जागांचा मतदारसंघ. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब, चिन्ह हत्ती. सर्वसाधारण जागेवर त्यांचे मित्रपक्षाचे, समाजवादी अशोक मेहता, चिन्ह झाड. काँग्रेसचे दोघे, विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर, बैलजोडीवर. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही उभे होते. फेडरेशनच्या कार्यकर्त्याला चाळीत जाऊन शिकवायचं होतं ते एवढंच : एक कागद हत्तीच्या पेटीत, एक झाडाच्या. साधी गोष्ट आहे, पण पडद्याआड माणूस एकटा असतो.

आणि इथे ‘कुजवणे’ येतं. ज्याला आपला एकच उमेदवार हवा आहे, त्याच्या दृष्टीने दुसरं मत ही अडचण. ते दिलं तर कुणातरी दुसऱ्याला बळ मिळतं. मग दोन्ही कागद एकाच पेटीत टाकायचे. दुसरा बाद होतो, म्हणजेच कुजतो. हेही मतदाराचं शिक्षणच होतं म्हणा, फक्त उलट्या बाजूचं.

जानेवारी 1952 मध्ये मतदान झालं. काँग्रेसचे दोन्ही उमेदवार आले. बाबासाहेब काजरोळकरांकडून 14 हजारांहून अधिक मतांनी पडले. या मतदारसंघात बाद झालेल्या मतपत्रिका होत्या 74 हजारांवर! बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. डांगे आणि इतरांनी मतं कुजवण्याचा प्रचार केला, असा त्यांचा आरोप होता. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. त्या 74 हजारांतली किती मुद्दाम कुजवलेली आणि किती निव्वळ गोंधळापोटी वाया गेलेली, हे पेटी सांगत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही प्रकार होते. आज काही लेखांत ही सगळीच मतं बाबासाहेबांची होती असं बेधडक लिहिलं जातं, ते बरोबर नाही. ती संपूर्ण मतदारसंघातली बाद मतं होती.

1954 ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. तोही दोन जागांचा मतदारसंघ, आणि पुन्हा बाबासाहेब आणि अशोक मेहता जोडीने उभे. या वेळी फेडरेशनच्याच कार्यकर्त्यांनी ठरवलं की दुसरं मत मेहतांना देऊ नका, कुजवा. हिशेबाने ते चूक नव्हते. आपली मतं मेहतांना मिळतील, पण समाजवाद्यांची सवर्ण मतं हत्तीला मिळतीलच याची खात्री काय? तेव्हाच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत येतं की बाबासाहेबांनी याला साफ नकार दिला. हरलो तरी चालेल, पण घटना करणाऱ्या माणसाने लोकांना मत वाया घालवायला सांगायचं नाही, अशी त्यांची भूमिका. निकाल लागला : मेहता निवडून आले, बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. मुंबईत ज्या युक्तीची त्यांनी तक्रार केली, ती हाताशी आली तेव्हा वापरली नाही.

पुढे 1957 ला आंध्रात पार्वतीपूरमला आणखी एक पेच झाला. दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले. हेच गिरी नंतर राष्ट्रपती झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने निकाल कायम ठेवला. दोन जागांच्या मतदारसंघांवर आता वरच्या वर्गाचंही लक्ष गेलं, असं म्हणायला हरकत नाही. 1961 साली कायदा करून हे मतदारसंघ मोडले.

1962 च्या निवडणुकीत मतदाराच्या हातात एकच कागद आला. त्यावर नावं आणि चिन्हं छापलेली, आणि पेटी सगळ्यांची एकच. ‘हत्तीची पेटी कुठली, झाडाची कुठली’ हे जे दहा वर्षांपूर्वी घरोघर सांगितलं होतं, ते विसरायला सांगून आता कार्यकर्ते खूण कशी करायची आणि घडी कशी घालायची हे शिकवत होते.

वेळ झालेली दिसते. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.