बुरशीचे जलविरोधी कवच

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पूर्णा नदीकाठच्या केदारखेडा परिसरात मका व कापूस ही महत्त्वाची पिके आहेत. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तेव्हापासून मक्यावरील या अळीसाठी मेटारायझियम, बिव्हेरिया अशा कीडनाशक बुरशींच्या फवारणीची शिफारस केली जाते. मात्र या बुरशींचे कोरडे बीजाणू साध्या पाण्यात टाकले, तर ते सहजासहजी भिजत नाहीत. वर तरंगतात किंवा त्यांच्या गुठळ्या होतात. माल बनावट असावा, अशी शंका अशा वेळी येते. वस्तुतः हा बीजाणूंचा निसर्गदत्त गुणधर्म असून त्याच्या मुळाशी ‘हायड्रोफोबिन’ ही प्रथिने आहेत.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात वेसेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या प्रथिनांची ओळख पटवली. कुजक्या लाकडावर पंख्याच्या आकारात उगवणाऱ्या आणि भारतातही आढळणाऱ्या शिझोफायलम कम्यून या बुरशीवर त्यांचे संशोधन सुरू होते.

हायड्रोफोबिन हे साधारण १०० अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. त्यातील ८ सिस्टीन घटक परस्परांशी ४ गंधकबंधांनी जोडलेले असतात. या प्रथिनाचा एक भाग पाण्याला अनुकूल, तर दुसरा पाण्याला टाळणारा असतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेले रेणू पाणी आणि हवा यांच्या सीमेवर येऊन थांबतात. तेथे शिझोफायलममधील प्रथिन पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ७२ वरून सुमारे २४ मिलीन्यूटनपर्यंत उतरवते. पृष्ठभागाचा हा अडसर दूर झाला, की बुरशीचा तंतू हवेत डोके वर काढतो.

याच सीमेवर रेणूची रचनाही पालटते. त्यातील चपट्या, घड्यांच्या पट्ट्यांचे प्रमाण वाढते. टेफ्लॉनसारख्या तेलकट घन पृष्ठभागावर मात्र तो आधी मळसूत्री घडी घेतो. पुढे असे असंख्य रेणू कोणत्याही बाह्य साहाय्याविना एकमेकांना बिलगून सुमारे १० नॅनोमीटर रुंदीच्या कांड्यांचा थर विणतात. हा थर उकळत्या साबणद्रावणातही विरघळत नाही. तो मोडण्यासाठी ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लासारखे तीव्र द्रव्य लागते. स्मृतिभ्रंशाच्या विकारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांची घडणही अशीच असते. फरक इतकाच, की तेथे ती विकाराशी निगडित आहे, तर येथे उपकारक.

सर्वच हायड्रोफोबिन असे वागत नाहीत. ट्रायकोडर्मातील दुसऱ्या वर्गाच्या प्रथिनांची घडण सीमेवर फारशी बदलत नाही आणि त्यांचा थर साबणाने सुटतो. एका हायड्रोफोबिनची स्फटिकरचना फिनलंडच्या संशोधकांनी २००४ मध्ये उलगडली.

या कवचामुळे बीजाणू कोरडा राहतो, वाऱ्यावर उडतो आणि किडीच्या मेणचट त्वचेला चिकटतो. मात्र त्याच कवचामुळे तो फवारणीच्या पाण्यात मिसळत नाही. म्हणून द्रावणात शिफारशीप्रमाणे स्टिकर मिसळावे लागते. स्टिकर कवच विरघळवत नाही. ते पाण्याचा पृष्ठताण उतरवते आणि पाणी बीजाणूला भिजवू शकते. बुरशीने हवेत येण्यासाठी योजलेलीच ही युक्ती. ती वगळली, तर बीजाणू पंपाच्या तळाशी वा पृष्ठावर अडकतात, पिकावर असमान पडतात आणि दोष मात्र बुरशीच्या माथी येतो.