मगनवाडीतली रोजची भाकर

येशू ख्रिस्ताने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यातल्या रोजच्या अन्नासाठी मराठी बायबलमध्ये 'भाकर' हा शब्द आला आहे. भाषांतरकारांनी हा शब्द योजला आणि दूरच्या पॅलेस्टाईनमधील त्या प्रार्थनेला आपल्या चुलीचा वास आला. भाकर म्हटले की वर्ध्याच्या माणसाला ज्वारीचे शेत आठवते, घरातले जाते आठवते, आईचे परातीत थापणारे हात आठवतात. माणूस प्रार्थना करतो, भाकर मागतो आणि उठून आपल्या कामाला लागतो. पण ही भाकर येते कोठून? तिच्यासाठी कोण राबले? ज्याने ज्वारी पिकवली, त्याच्या घरी आज भाकर आहे का? हे प्रश्न बाजाराचे आहेत, देवघराचे किंवा चर्चचे नाहीत, असे आपण धरून चालतो. वर्ध्यात एक माणूस असा होऊन गेला की ज्याला हे सारे प्रश्न प्रार्थनेतलेच वाटत. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. घरात शिस्त होती, नियमित उपासना होती आणि इंग्रजी वळणाची राहणीही होती. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय थाटला. १९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. तेथील एका चर्चमध्ये त्यांनी भारताच्या दारिद्र्यावर व्याख्यान दिले. त्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात आला आणि तो कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक सेलिगमन यांच्या वाचनात आला. सरकारी जमाखर्च आणि भारताची गरिबी यांचा संबंध काय, हाच विषय अभ्यासाला घ्या, असे त्यांनी कुमारप्पांना सुचवले. अभ्यास पुढे सरकला तसतसे या हिशेबनिसाचे डोळे उघडत गेले. परकी सत्तेच्या खतावणीत आपल्या शेतकऱ्याचा घाम कोणत्या रकान्यात जातो, हे त्यांना दिसले.

मे १९२९ मध्ये साबरमतीला ते गांधीजींना भेटले. बापू झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातत होते. सुटाबुटातल्या कुमारप्पांना आधी कळलेच नाही की हेच ते गांधी. त्या भेटीनंतर त्यांचे आयुष्य पालटले. गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी गावोगाव फिरून ती केली. कॉर्नेलियस हे आडनाव मागे पडले, घराण्यातले जुने 'कुमारप्पा' पुढे आले. अंगावर खादी आली. श्रद्धा मात्र बदलली नाही. ते अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिले. उलट आपण येशूच्या अधिक जवळ आलो, अशीच त्यांची भावना होती.

येशूच्या दृष्टांतांत विश्वासू कारभारी पुन्हा पुन्हा भेटतो. लहान गोष्टीत जो प्रामाणिक, तोच मोठ्या गोष्टीत प्रामाणिक, हा त्या शिकवणुकीचा गाभा. १९३४ च्या बिहार भूकंपात हा दृष्टांत कुमारप्पांनी जगून दाखवला. मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता आणि स्वयंसेवकाच्या जेवणाला रोज तीन आणे, असा नियम त्यांनी ठरवला होता. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले, तेव्हा या मंडळींचा खर्च निधीतून करता येणार नाही, असे त्यांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट सांगितले. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, पाहुण्यांचा नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. गांधीजींना राग आला नाही. त्यांनी या हिशेबनिसाची पारख केली आणि त्याच वर्षी त्याच्यावर त्याहून मोठी जबाबदारी टाकली.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी मार्गदर्शक आणि कुमारप्पा चिटणीस. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर संघाला दिले आणि मगनलाल गांधींच्या स्मृतीसाठी त्या जागेला 'मगनवाडी' हे नाव मिळाले. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजी मगनवाडीतच राहत होते. तेथे काय नव्हते? तेलाचा घाणा होता, हातसडीचे तांदूळ होते, जाते होते, हातकागद, गूळ, मधमाशा आणि कंपोस्ट खताचे खड्डे होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय सुरू झाले. परदेशी विद्यापीठातला अर्थशास्त्रज्ञ घाण्याचा बैल किती फेरे घालतो आणि पेंडीत किती तेल उरते, हे मोजत बसला होता.

पण ही मोजदादच त्यांची उपासना होती. येशूने आपली शिकवण कशातून सांगितली, ते आठवून पाहा. मोहरीचा दाणा, पिठातले खमीर, मासे धरायचे जाळे, हरवलेले नाणे, द्राक्षमळ्यातले मजूर. सारे काही घरातले, शेतातले, बाजारातले. कुमारप्पांनी हीच रीत उचलली. त्यांची अर्थशास्त्राची उदाहरणे एखाद्या दृष्टांतासारखी वाटतात. माकड आंब्याच्या बागेत शिरते, फळे खाते आणि निघून जाते. बाग लावायला त्याने काही केलेले नसते. ही झाली लुटीची अर्थव्यवस्था. मधमाशी फुलातला रस घेते, पण घेता घेता परागीकरण करते, म्हणजे घेते त्याची फेडही करते. शिवाय ती मध साठवते तो साऱ्या पोळ्यासाठी. आणि पक्षीण पिलांना घास भरवते तेव्हा परतफेडीचा विचारही तिच्या मनात नसतो. ही सेवेची अर्थव्यवस्था. माणसाने पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीकडे चढत जावे, असे त्यांचे सांगणे. मगनवाडीतल्या मधपेट्यांकडे पाहून हे कोणालाही समजेल. त्यासाठी पदवी लागत नाही.

दिव्याचेही तसेच. दिवा लावून कोणी तो झाकून ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो, असे येशू सांगतो. मगनवाडीत 'मगनदीप' नावाचा दिवा तयार झाला. तो रॉकेलवर नव्हे, गावच्या घाण्याच्या तेलावर जळे. रॉकेलसाठी गावाबाहेर जाणारा पैसा गावातच राहावा, तेल्याच्या घरी काम राहावे, हा त्यामागचा विचार. दिव्याचा उजेड घरात पडतो, पण दिव्याच्या तेलाचा पैसा कोणाच्या घरात उजेड पाडतो? कुमारप्पांची श्रद्धा अशा प्रश्नांतून बोलत असे.

त्यांचा सर्वांत अवघड धडा खरेदीचा होता. दुकानात दाम मोजले की आपले कर्तव्य संपले, हे त्यांना मान्य नव्हते. एखादी वस्तू सक्तीच्या मजुरीतून, कोणाला लुबाडून तयार झाली असेल, तर ती विकत घेणारा त्या पापात वाटेकरी होतो, असे ते म्हणत. चोरीचा माल स्वस्तात घेणारा निर्दोष ठरतो का? मग ज्या मालाच्या पाठीमागे दूर देशातला गुलामासारखा राबणारा मजूर आहे, तो माल घेणारा कसा निर्दोष? म्हणून, ज्याचा कारागीर आपल्या नजरेच्या टप्प्यात आहे असा जवळचा माल घ्यावा. त्याच्यावर अन्याय झाला तर तो आपल्याला दिसेल आणि दूरही करता येईल. शेजाऱ्यावर प्रेम करा, या आज्ञेचे हे त्यांनी लावलेले बाजारातले रूप होते.

याला आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. गिरणीचे तेल स्वस्त, घाण्याचे महाग. गिरणीचा तांदूळ पांढरा, हातसडीचा लालसर आणि टिकायलाही कमी. चार पैसे वाचवावेत असे गरिबाला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा? मला वाटते, कुमारप्पांचा रोख त्या गरिबावर नव्हताच. ज्याला दोन पैसे अधिक देणे परवडते, तरीही जो स्वस्ताईच पाहतो, त्याला ते विचारत होते. हा प्रश्न अजूनही बोचणारा आहे.

महायुद्धाच्या काळात याच श्रद्धेने त्यांना तुरुंगात नेले. ब्रिटिश सरकार भारतातून धान्य आणि माल उचलत होते आणि त्याच्या मोबदल्यात लंडनच्या खात्यात आकडे लिहीत होते. इकडे नोटांचा सुळसुळाट आणि महागाई. कुमारप्पांनी 'ग्रामोद्योग पत्रिके'त यावर लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता 'भाकरीऐवजी दगड'. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याला दगड देईल, या येशूच्या प्रश्नावरून तो घेतलेला होता. भाकरीचा प्रश्न प्रार्थनेतून निघून थेट सरकारी तिजोरीच्या दारात उभा राहिला. सरकारने लेखकाला तुरुंगात घातले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर, दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली. एकाच कोठडीत, एकाच हाताने लिहिलेली ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकात धर्म आहे आणि दुसऱ्यात अर्थशास्त्र आहे, असे मग म्हणवत नाही.

ख्रिस्ती समाजात त्यांचे स्वागतच झाले असे नाही. १९३० मध्ये त्यांनी मिशनऱ्यांना सत्याग्रहाच्या अहिंसेची बाजू घेण्याचे आवाहन केले, तेव्हा मेट्रोपॉलिटन बिशप वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा वादविवाद झाला. येशूची अहिंसा साम्राज्याच्या सोयीप्रमाणे कापून घेता येत नाही, ही कुमारप्पांची भूमिका. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे नव्हे, हे त्यांनी बोलून आणि राहून दाखवले.

या वाटेवर ते वर्ध्यात एकटे नव्हते. त्यांचे बंधू भारतन कुमारप्पा मगनवाडीतच काम करीत होते. सेवाग्रामला श्रीलंकेतून आलेले तमिळ ख्रिस्ती आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी नई तालीमचा भार उचलला. पुढे क्वेकर पंथाच्या मार्जरी साइक्स तेथे शिक्षकांना घडवायला आल्या. मुले शेतात खपत, सूत कातत, स्वयंपाकघरात भाजी निवडत आणि त्यातूनच गणित, विज्ञान व शेजारधर्म शिकत.

स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या कारखान्यांची वाट धरली. कुमारप्पांना ते दुःख होते आणि ते त्यांनी लपवले नाही. सेलडोह या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात त्यांनी समतोल शेतीचा प्रयोग मांडला. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले. तेथील त्यांच्या झोपडीत गांधीजींच्या चित्राबरोबर एका गरीब खेडुताचेही चित्र होते. गांधीजी हे माझे गुरू आणि हा माझ्या गुरूंचा गुरू, असे ते पाहुण्यांना सांगत, अशी आठवण सांगितली जाते. ३० जानेवारी १९६० रोजी, बापूंच्याच पुण्यतिथीला, त्यांचे निधन झाले.

मगन संग्रहालय वर्ध्यात आजही उभे आहे. दरम्यान, २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, तिच्यात वर्धाही होता. ज्या जिल्ह्यात भाकरीचा हिशेब प्रार्थनेइतक्या निष्ठेने मांडला गेला, तेथल्याच पिकवणाऱ्याला मदतीच्या यादीत यावे लागले. म्हणून कुमारप्पांचा धडा केवळ ख्रिस्ती बांधवांपुरता नाही. जेवणापूर्वी कोणी येशूची प्रार्थना म्हणतो, कोणी 'वदनी कवळ घेता' म्हणतो, कोणी बिस्मिल्ला म्हणतो. आज रात्री ताट समोर आले की आपल्या पद्धतीने हात जोडावेत आणि त्या भाकरीची ज्वारी कोणत्या शिवारातून आली, तिला काय भाव मिळाला, एवढे घरातल्या मुलांशी बोलावे. उत्तर ठाऊक नसेल तर उद्या बाजारात विचारावे.