भारतातील स्त्री-खतना निर्मूलन चळवळ

स्त्री-खतना म्हणजे कोणतेही वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग कापणे, काढून टाकणे किंवा त्यास इजा करणे होय. भारतात ही प्रथा मुख्यतः शिया मुस्लिमांच्या दाऊदी बोहरा समाजात व काही प्रमाणात त्याच्या निकटच्या इतर बोहरा पंथांत आढळते. या समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू सय्यदना यांचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्यामुळे प्रथेचे समर्थन आणि तिला होणारा विरोध या दोहोंचे केंद्र बव्हंशी मुंबईच राहिले आहे. प्रथा थांबविण्याचे प्रयत्न दोन मार्गांनी झाले. एक मार्ग न्यायालयाचा व कायद्याचा, तर दुसरा समाजातील स्त्रियांनीच आपापसांत सुरू केलेल्या संवादाचा होय.

प्रथेचे स्वरूप

बोहरा समाजात या विधीस खतना किंवा खफ्झ असे म्हणतात. मुलगी साधारणतः सात वर्षांची झाली की आई, आजी अथवा घरातील दुसरी वडीलधारी स्त्री तिला विधी करणाऱ्या बाईकडे घेऊन जाते. मुलीला बहुधा खाऊ, फिरायला जाणे किंवा वाढदिवस असे काही निमित्त सांगितले जाते. शिश्निकेवरील त्वचेच्या घडीचा भाग कापला जातो. पूर्वी हे काम घरगुती जागेत, भूल न देता, पात्याने होत असे. पुढे शहरांतील काही सुशिक्षित कुटुंबे त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ लागली. विधीनंतर त्याविषयी कोणाशीही, विशेषतः घरातील पुरुषांशी, बोलू नये असे मुलीला बजावले जाते. मुलाच्या सुंतेचा समारंभ होतो, मुलीच्या खतन्याचा मात्र उच्चारही होत नाही. एकाच घरात राहणाऱ्या बापाला आणि भावाला अनेकदा या प्रथेचा पत्ताच नसतो, तो यामुळेच.

कुराणात स्त्रीच्या खतन्याचा उल्लेख नाही. समर्थक आधार देतात तो दहाव्या शतकातील कादी अल-नुमान यांच्या ‘दाइम अल-इस्लाम’ या ग्रंथाचा. बोहरा समाज ज्या परंपरेतून आला ती इजिप्त आणि यमन येथील असून, सोळाव्या शतकात धर्मगुरूंचे पीठ यमनमधून गुजरातेत आले. भारतातील बहुसंख्य मुस्लिम समाजांत ही प्रथा नाही, हे येथे स्पष्ट नोंदविणे आवश्यक आहे. तथापि केरळमध्येही ती काही ठिकाणी चालत असल्याचे २०१७ मध्ये उघडकीस आले.

जागतिक आरोग्य संघटनेने स्त्री-खतन्याचे चार प्रकार मानले आहेत. शिश्निका किंवा तिच्यावरील त्वचा अंशतः वा पूर्णतः काढणे हा पहिला प्रकार होय. भगोष्ठ कापणे दुसऱ्यात आणि योनिमुख शिवून अरुंद करणे तिसऱ्या प्रकारात मोडते. टोचणे, खरवडणे, डागणे यांसारख्या अन्य सर्व इजा चौथ्या प्रकारात येतात. बोहरा समाजातील विधी सामान्यतः पहिल्या अथवा चौथ्या प्रकारात गणला जातो. या विधीचा आरोग्यास कोणताही लाभ नाही, असे संघटनेचे मत आहे. डॉक्टरांनी तो करण्यासही तिचा विरोध आहे, कारण निर्जंतुक हत्यारामुळे कृत्य सुरक्षित भासू लागते आणि प्रथेला प्रतिष्ठा लाभते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया या प्रथेतून गेल्या आहेत.

मौनाचा भंग

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापिका रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये ‘मानुषी’ या नियतकालिकात बोहरा समाजातील या प्रथेवर लेख लिहिला. भारतातील प्रथेविषयीच्या आरंभीच्या अभ्यासपूर्ण लेखनात त्याची गणना होते. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे या विषयावर फारसे कोणी बोलले नाही. २०११ मध्ये टोपणनावाने एक ऑनलाइन याचिका प्रसारित झाली. स्वतःचे नाव देण्याचे धैर्य तेव्हा होऊ शकले नाही, यावरून परिस्थितीची कल्पना येते. २०१२ मध्ये प्रिया गोस्वामी यांचा ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट आला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

२०१५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी मासूमा रानालवी यांच्या पुढाकाराने बोहरा स्त्रियांनी आपल्या खऱ्या नावांनिशी सरकारकडे जाहीर मागणी केली आणि त्यातून ‘वी स्पीक आउट’ हा गट उभा राहिला. त्याच वर्षी आरेफा जोहरी, मारिया ताहेर, इन्सिया दरीवाला, शाहिदा तवावाला-किर्तने आणि प्रिया गोस्वामी या पाच जणींनी ‘सहियो’ ही संस्था सुरू केली. ‘सहियो’ म्हणजे बोहरा गुजरातीत मैत्रिणी.

अधिकृत आकडेवारीच्या अभावी या गटांनी स्वतः पाहण्या केल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सहियो’च्या पाहणीत ३८५ दाऊदी बोहरा स्त्रियांनी माहिती दिली. त्यांपैकी ८० टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता, तर प्रथा पुढे चालू राहू नये असे ८१ टक्के स्त्रियांचे मत होते. प्रथेची कारणे विचारली असता ५६ टक्के स्त्रियांनी धर्म, तर ४५ टक्के स्त्रियांनी लैंगिक इच्छा कमी करणे हे कारण सांगितले. ओळखीच्या व्यक्तींमार्फत आणि ऑनलाइन मिळविलेली ही उत्तरे सबंध समाजाचे प्रमाण म्हणून घेता येत नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘वी स्पीक आउट’साठी झालेल्या अभ्यासात ९४ जणांच्या सविस्तर मुलाखती होत्या. माहिती देणाऱ्यांच्या सात वर्षे व त्यावरील वयाच्या मुलींपैकी सुमारे ७५ टक्के मुलींचा खतना झाल्याचे त्यात आढळले.

समर्थकांची भूमिका

एप्रिल २०१६ मध्ये सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांनी मुंबईतील सैफी मशिदीत केलेल्या प्रवचनाची ध्वनिफीत प्रसारित झाली. हा विधी झालाच पाहिजे, पुरुषांचा उघडपणे आणि स्त्रियांचा गुप्तपणे, असा त्याचा आशय घेतला गेला. त्याच सुमारास परदेशांतील अनेक शहरांच्या बोहरा जमातींनी मात्र स्थानिक कायद्याचे पालन करून खतना करू नये, अशी पत्रे आपल्या सदस्यांना पाठविली होती. कायदा स्पष्ट असेल तर धार्मिक संस्थाही त्याच्याशी जुळवून घेतात, हा मुद्दा याचिकाकर्त्यांना त्यातूनच मिळाला.

दाऊदी बोहरा विमेन्स असोसिएशन फॉर रिलिजस फ्रीडम ही स्त्रियांचीच संघटना प्रथेच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली. खफ्झ हा निरुपद्रवी धार्मिक विधी असून आफ्रिकेतील विच्छेदनाशी त्याची तुलना अन्यायकारक आहे, तसेच मुलांची सुंता चालते तर हा विधी का चालू नये, असे तिचे म्हणणे आहे. या भूमिकेस थोडक्यात उडवून लावणे योग्य नव्हे, कारण ती मांडणाऱ्या स्त्रियांपैकी अनेक सुशिक्षित व व्यावसायिक आहेत. परंतु सात वर्षांच्या मुलीची संमती कोणी आणि केव्हा घेतली, या प्रश्नाचे उत्तर त्या युक्तिवादात मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयातील याचिका

२०१७ मध्ये दिल्लीतील वकील सुनीता तिवारी यांनी प्रथेवर बंदी घालावी यासाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मे २०१७ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकार तसेच महाराष्ट्रासह काही राज्यांना नोटिसा काढल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने भारतात अशी प्रथा असल्याचे दर्शविणारी कोणतीही अधिकृत आकडेवारी वा अभ्यास उपलब्ध नाही, असे उत्तर दिले. ज्या गोष्टीची नोंदच कोठे होत नाही तिची आकडेवारी असणार कशी, हा विरोधकांचा आक्षेप रास्त होता. एप्रिल २०१८ मध्ये महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी मात्र याचिकेस पाठिंबा देऊन हे कृत्य प्रचलित कायद्यांनुसार गुन्हाच आहे, असे सांगितले.

जुलै २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे सुनावणी झाली. स्त्रीच्या शरीराच्या अखंडतेचा आणि खाजगीपणाचा भंग धर्माच्या नावाने कसा करता येईल, असा प्रश्न सुनावणीत उपस्थित झाला. २४ सप्टेंबर २०१८ रोजी प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपविण्यात आले. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमला प्रकरणातील पुनर्विलोकन याचिकांवर आदेश देताना न्यायालयाने धार्मिक आचार आणि मूलभूत हक्क यांविषयीचे व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविले आणि त्या संदर्भात दाऊदी बोहरा समाजातील या प्रथेचाही उल्लेख केला. त्यासाठी २०२० मध्ये नऊ न्यायाधीशांचे पीठ नेमण्यात आले. सात वर्षांच्या मुलींविषयीचा प्रश्न अशा रीतीने मंदिरप्रवेशाच्या प्रश्नाशी बांधला गेला आणि निकाल लांबणीवर पडला.

वादाचा गाभा संविधानाच्या अनुच्छेद १४, १५ व २१ यांनी दिलेले समता व जीविताचे हक्क एकीकडे आणि अनुच्छेद २५ व २६ यांतील धर्मस्वातंत्र्य दुसरीकडे, असा आहे. कोणता आचार धर्माचा अत्यावश्यक भाग मानावा, ही कसोटी १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आली आहे. मात्र धर्मस्वातंत्र्य हे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन असल्याचे अनुच्छेद २५ मध्येच म्हटले आहे.

प्रचलित कायदा आणि त्याच्या मर्यादा

भारतात स्त्री-खतन्याविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. इजा व जबर दुखापत यांविषयीची भारतीय दंड संहितेतील कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आली असून, धोकादायक हत्याराने इजा करण्याबाबतचे कलम ११८ त्यांपैकी एक होय. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदाही लागू होतो, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे आहे. या कायद्याच्या कलम १९ अन्वये अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात अडचण वेगळीच आहे. पीडित मूल लहान, साक्षीदार घरातीलच, आणि आरोपी म्हणून उभी राहणार ती आई किंवा आजी. आईने स्वतःही तेच भोगलेले असते. आईला तुरुंगात पाठविण्यासाठी मुलगी तक्रार करील ही अपेक्षा व्यवहार्य नाही. पोक्सोच्या व्याख्या लैंगिक हेतूच्या गुन्ह्यांसमोर ठेवून रचलेल्या आहेत, हीदेखील एक अडचण. म्हणूनच स्वतंत्र कायदा व्हावा, त्यात विधी करणाऱ्यांवर आणि वैद्यकीय व्यावसायिकांवर प्रामुख्याने जबाबदारी टाकावी, अशी मागणी आहे.

बहिष्काराचे भय

प्रथा मोडणाऱ्या कुटुंबास समाजबाह्य होण्याची भीती असते. लग्न, दफन, मशिदीतील प्रवेश आणि व्यापारातील संबंध हे सारे जमातीशी निगडित असल्याने ही भीती पोकळ नाही. या प्रश्नाला मुंबईत जुना इतिहास आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये समाजबहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. तत्कालीन सय्यदनांनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरविला. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी त्या वेळी भिन्नमत नोंदविले होते. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी पुढील दशकांत बहिष्काराविरुद्ध लढा चालविला व त्याची झळही सोसली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा केला आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. १९६२ च्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठविला.

थालाभोवतीचा संवाद

बोहरा कुटुंबात एका मोठ्या थालाभोवती बसून सर्वजण एकत्र जेवतात. या रीतीचाच आधार घेऊन ‘सहियो’ने २०१७ मध्ये मुंबईत ‘थाल पे चर्चा’ हा उपक्रम सुरू केला. बोहरा स्त्रिया एकत्र जेवतात आणि जेवताना खतन्याविषयी बोलतात. व्यासपीठ, वक्ता, ठराव असे काहीच नसते. आपल्या लहानपणी नेमके काय झाले हे काहींनी तेथेच प्रथम शब्दांत मांडले. ‘ईच वन रीच वन’ या मोहिमेत प्रत्येकीने आपल्या ओळखीच्या किमान एका बोहरा व्यक्तीशी या विषयावर बोलावे असा आग्रह होता. आपबीती गुजरातीतूनही प्रसिद्ध करण्यात आली, कारण निर्णय घेणाऱ्या आजीपर्यंत इंग्रजी पोहोचत नाही. पुरुषांना माहिती देणे हाही कामाचा भाग झाला. बापाने नकार दिल्यास विधी टळतो, पण त्यासाठी त्याला विधी ठाऊक असावा लागतो.

अन्य देशांतील अनुभव

सेनेगलमध्ये १९९७ मध्ये मालिकुंडा बांबारा या गावातील स्त्रियांनी प्रथा सोडल्याचे जाहीर केले. ‘तोस्तान’ या संस्थेच्या साक्षरता व आरोग्य वर्गांतून हा निर्णय झाला होता. तथापि मुली ज्या गावांत दिल्या-घेतल्या जातात ती सर्व गावे सामील झाल्याशिवाय एका गावाचा निर्णय टिकणार नाही, हे लवकरच ध्यानात आले. मग गावोगाव फिरून संयुक्त घोषणा घडविण्यात आल्या. सेनेगलने बंदीचा कायदा १९९९ मध्ये, म्हणजे या घोषणांनंतर केला. गॅम्बियात २०१५ मध्ये कायदा आधी आला. तो मागे घेण्याचा प्रयत्न पुढे संसदेपर्यंत गेला, परंतु जुलै २०२४ मध्ये संसदेने तो फेटाळला.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये दाऊदी बोहरा समाजातील दोन बहिणींच्या प्रकरणी खटला झाला. २०१५ मध्ये आरोपी दोषी ठरले, २०१८ मध्ये अपिलात सुटले. परंतु २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने कायद्यातील विच्छेदन या शब्दात अल्पशी इजाही येते, असा अर्थ ग्राह्य धरला. केवळ टोचल्यास तो गुन्हा होतो का, हा भारतातील वादातही येणारा प्रश्न तेथे अशा प्रकारे निकाली निघाला. अमेरिकेत बोहरा समाजाशी संबंधित पहिल्या संघराज्यीय खटल्यात, २०१८ मध्ये, डेट्रॉइट येथील न्यायाधीशांनी १९९६ चा कायदाच घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये सुधारित कायदा करण्यात आला.

कायदा आधी की समाज आधी, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले, तेव्हा बेहरामजी मलबारी व गोपाळ गणेश आगरकर कायद्याच्या बाजूने होते, तर परकीय सरकारने हिंदूंच्या आचारांत हस्तक्षेप करू नये अशी लोकमान्य टिळकांची भूमिका होती. खतन्याच्या वादात सरकार परकीय नाही आणि मागणी त्याच समाजातील स्त्रियांनी केली आहे, हा दोन्ही प्रसंगांतील महत्त्वाचा फरक होय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१२ मध्ये ही प्रथा नष्ट करण्याचे आवाहन करणारा ठराव संमत केला. शाश्वत विकास उद्दिष्टांतील लक्ष्य ५.३ मध्ये त्यासाठी २०३० ही मुदत आहे. दरवर्षी ६ फेब्रुवारी हा दिवस या प्रथेविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.