गाऱ्यावरची बाग

जुन्या पारशी गाऱ्याचा, म्हणजे भरतकाम केलेल्या रेशमी साडीचा, काठ उलगडला की एक बाग दिसते. कमानदार पूल, पाण्याकाठचा मंडप, छत्री घेतलेली माणसे. पारशी घरांत या नक्षीला ‘चीना-चीनी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात चीनचा व्यापार करणाऱ्या पारशांबरोबर मुंबईत आलेल्या या रेशमी साड्या चिनी कारागिरांनी भरल्या, एवढे पक्के. पण भरणारे कोणत्या शहरातले?

चटकन सूचौचे नाव सुचते. तिथल्या बागा आणि तिथले रेशमी भरतकाम दोन्ही विख्यात. तिथल्या एका बागेची ३१ दृश्ये वन चंग-मिंग या चित्रकाराने १५३३ मध्ये रेखाटली आणि सोबत कविता लिहिल्या. ती चित्रे पाहताना गाऱ्याचा काठ आठवतो खरा, पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

व्यापाराची कागदपत्रे दुसरीकडे बोट दाखवतात. १७५७ ते १८४२ या काळात समुद्रमार्गे येणाऱ्या पाश्चात्त्य आणि पारशी व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर खुले होते. सूचौ तिथून हजार किलोमीटरहून दूर उत्तरेला, आणि देशाच्या आत जायला त्यांना बंदी. कँटनच्या नियमावलीतली दोन कलमे मला फार मोलाची वाटतात. एक, परदेशी स्त्रियांना वखारीत आणायचे नाही. दुसरे, परदेशीयांनी नदीपलीकडच्या फुलबागा पाहायच्या त्या चिनी महिन्याच्या ८, १८ आणि २८ तारखांनाच, दुभाषा बरोबर घेऊन आणि लहान गटाने. बाग पाहायची मुभा होती ती पुरुषांना, तीही कँटनमधली. गारा नेसणाऱ्या बाईला त्या वखारींचा उंबराही ओलांडता येत नव्हता.

हे पुरुष तिथे नुसते येऊन-जाऊन नव्हते. जवळच्या मकावमध्ये पारशांची दफनभूमी १८२९ पासूनची आहे. म्हणून सुरुवातीचे गारे कँटनमध्ये खरेदी झाले असावेत, हा तर्क मला बळकट वाटतो. मात्र खरेदीचे गाव म्हणजे भरणाऱ्याचे गाव, असे म्हणता येत नाही. सूचौच्या आसपासचे कच्चे रेशीम देशांतर्गत वाटांनी कँटनला पोचतच होते. भरलेले कापडही पोचले असेल. टाक्यावरूनही निकाल लागत नाही, कारण साटीन टाका आणि गाठीचा टाका चीनमध्ये अनेक ठिकाणी चालत.

१८४२ च्या नानकिंग तहाने शांघाय खुले झाले आणि चित्र पालटले. सूचौ तिथून सुमारे १०० किलोमीटर. १८६० मध्ये ताइपिंग बंडखोरांनी सूचौ घेतले, तेव्हा तिथले असंख्य लोक शांघायला पळाले. त्यांत भरतकाम करणारे हात होते, हे माझे अनुमान; पण ते अवाजवी नाही.

तेव्हा प्रत्येक गाऱ्याचे वय आधी ठरवायला हवे. लग्नातले तारीख असलेले छायाचित्र किंवा मृत्युपत्रातली कपड्यांची यादी इथे कामी येते, तीही एका मर्यादेत: साडी त्या तारखेआधीची, एवढेच त्यातून कळते. १८४० च्या यादीतला गारा शांघायमार्गे आला, ही शक्यता बाद होते. १८७० च्या छायाचित्रातला गारा मात्र कँटन आणि शांघाय दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो.