आगबोटीतली आग

मी रायपूरहून बोलतोय. इथून समुद्र फार लांब, तरी आजचा विषय बोटींचा आहे.

वाफेच्या बोटीला आपल्या जुन्या माणसांनी 'आगबोट' म्हटलं. शिडाचं गलबत वारा आणि भरतीवर चाले. धूर नाही, पण वेळेचा भरवसाही नाही. आगबोटीनं तो भरवसा दिला आणि बदल्यात कोळसा मागितला. पुढे डिझेल आलं, धूर राहिलाच.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. ती हानी सगळ्यांना दिसली. धुराची हानी अशी एका दिवसात दिसत नाही, म्हणून तिचे नियम उशिरा आले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०२३मध्ये २०५०च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठरवलं. पण ते देशोदेशी फिरणाऱ्या जहाजांसाठी. खाडीतल्या आपल्या लाँचींचं आपणच बघायचं.

केरळनं ते बघितलं. २०१७पासून वैकमजवळ 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची बोट सौर ऊर्जेवर धावते.

फौजी माणूस आधी रसद कुठून येते ते विचारतो. आमच्या कोरब्याची कोळशावरची वीज महाराष्ट्रालाही जाते. मुंबईची बॅटरीवरची बोट त्याच विजेवर भरली, तर धूर निवृत्त झाला नाही, त्याची नुसती बदली झाली, मुंबईहून कोरब्याला. म्हणून बॅटरीसोबत धक्क्यावर सौर पॅनेलही हवेत. नाहीतर आगबोटीतली आग आमच्या अंगणात जळत राहील.

जय हिंद.